बारा बटणांत बसवलेले निरोप

२ मे, सोमवार

कार्यालयाची नोंदवही वेगळी आहे आणि ती वेगळीच राहील. तिच्यात ज्या बाबींना रकाना नाही, त्या आजपासून इथे लिहीन.

सकाळी पुएर्तो मोन्त शहरातून मालकांचा, सिन्योर ओपित्स यांचा फोन आला. आमच्या रेडिओ केंद्राचा 'दुपारचे निरोप' हा कार्यक्रम छापील वेळापत्रकात अर्ध्या तासाचा आहे. प्रत्यक्षात तो सरासरी अठ्ठावन्न मिनिटे चालतो. ही सरासरी मीच त्यांना कळवली होती. त्यांनी मुदत घालून दिली: तीस जूनपर्यंत कार्यक्रम अर्ध्या तासात बसला नाही, तर तो बंद होईल आणि तो सादर करणाऱ्या एर्सिराबाई, गावाच्या भाषेत दोन्या एर्सिरा, घरी जातील.

"बारिया, एकतीस वर्षं ती बाई बोलतेय. कुठेतरी थांबायला हवं की नको?"

थांबायला हवे, असे मी म्हणालो. या प्रकरणात माझा वैयक्तिक हितसंबंध नाही. केंद्रप्रमुखाची जागा चौदा महिने रिकामी आहे, ही बाब स्वतंत्र आहे.

वरच्या दरीत मोबाइल लागत नाही. त्यामुळे गावात उतरलेला प्रत्येक जण आमच्या खिडकीशी चिठ्ठी देतो, बार्जने, म्हणजे माणसे-वाहने नेणाऱ्या सपाट जहाजाने, बाहेरगावी गेलेला ती फोनवर लिहवतो; मग ती बारा वाजता वाचली जाते, आणि वर दरीत कोणीतरी बॅटरीचा रेडिओ ऐकून घोड्यावर खोगीर चढवतो. व्यवस्था उत्तम आहे. दोष वाचण्यात आहे. आजचा नमुना घ्या. चिठ्ठीत मजकूर होता: 'गुरुवारच्या बार्जने येते. घोडे आण. ब्लास्मिना.' दोन्या एर्सिरांनी वाचले ते असे:

"एउलोहियो, ऐकतोयस ना? तुझी ब्लास्मिना गुरुवारी येतेय. घोडे आण, पण तो पांढरा नको आणूस बाबा, बार्जचा भोंगा वाजला की उधळतो मेला. मागच्या खेपेला बिचारी चिखलात पडली होती. आणि ती यायच्या आत घर झाडून घे."

पांढरा घोडा, भोंगा, चिखल व झाडणे यांपैकी काहीही चिठ्ठीत नव्हते. कालावधी एक मिनिट दहा सेकंद.

६ मे, शुक्रवार

गेल्या तीन महिन्यांच्या चारशे बारा चिठ्ठ्यांचे वर्गीकरण पूर्ण केले. निष्कर्ष स्वच्छ आहे. एक्क्याण्णव टक्के निरोप केवळ बारा वाक्यांत बसतात: सुखरूप पोहोचलो, बार्जने येत आहे, घोडे आणा, पीठ पाठवा, शस्त्रक्रिया नीट झाली, मुलगा झाला, मुलगी झाली, आणि अशीच आणखी पाच. उरलेल्या नऊ टक्क्यांत हरवलेल्या गाई, मोडलेली लग्ने आणि किरकोळ बाबी येतात. प्रत्येकाला आपले दुःख जगावेगळे वाटते. तक्त्यात ते सातव्या किंवा बाराव्या रकान्यात येऊन बसते.

उपायही सापडला. संगणकाला जोडायची एक छोटी पेटी असते, तिच्यावर बारा बटणे असतात, आणि प्रत्येक बटणाला एक काम नेमून देता येते. लोक ती घरी बनवतात आणि तिचा उपयोग खेळ खेळण्यासाठी करतात, असे इंटरनेटवरून दिसते. मी ती शिस्तीसाठी वापरणार आहे. बारा वाक्ये आधीच ध्वनिमुद्रित असतील. दोन्या एर्सिरांनी फक्त नाव उच्चारायचे, पुढचे मी दाबायचे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. विजेशी माझा संबंध आजवर बटण लावण्यापुरता होता. तथापि, बारा बटणांची जोडणी ही अखेर तीन ओळी आणि चार स्तंभ यांची सारणी आहे, आणि सारण्या मांडण्यात माझी तेहतीस वर्षे गेली आहेत.

९ मे, सोमवार

नोल्बेर्तो ओहेदाच्या दुकानात गेलो. हा गृहस्थ रेडिओ, लाकूडकापणीची यंत्रे आणि बोटींची इंजिने एकाच टेबलावर दुरुस्त करतो. तिन्ही कधी परत मिळतील ते विचारले की एकच उत्तर देतो.

"तुम्ही? सोल्डरिंग करणार?" त्याने माझ्या टायकडे पाहिले. "मग तो टाय शर्टात खोचा आधी. पेटला तर मला सांगू नका."

बारा बटणे, अंगठ्याएवढी प्रोग्रॅमची पट्टी, वायर, सोल्डरिंग आयर्न आणि कथलाचे वेटोळे इतके त्याने काढले. मग काचेच्या मण्यांसारखी बारीक वस्तू मूठभर पुढे सरकवली.

"आणि हे बारा डायोड."

"यांचे कार्य काय?"

"वीज एकाच दिशेनं जाऊ देतात. उलटी फिरू देत नाहीत."

वीज उलटी फिरल्याचा या दुकानात अनुभव आहे काय, असे मी विचारले.

"अहो सिन्योर, वीज आहे ती. उघडं दार दिसलं की शिरते. माझ्या मेहुण्यासारखी."

मेहुणा हा तांत्रिक पुरावा नव्हे. खोदून विचारल्यावर त्याने स्वतःच कबूल केले की एका वेळी एकच बटण दाबायचे असेल तर डायोडवाचून भागते. "पण दोन-तीन एकदम दाबलीत ना, मग बघा," असे तो पुढे म्हणाला. विक्रेता दुसरे काय म्हणणार? डायोड परत केले.

१५ मे, रविवार

दुपारभर सोल्डरिंग. एकूण सांधे चोवीस. पैकी चांगले अकरा, संशयास्पद नऊ, आणि चार असे, की ज्यांचे वर्णन करणे मी टाळतो. डाव्या हाताची तर्जनी भाजली. सोल्डरिंग आयर्न कोणत्या टोकाने धरावे हे पुस्तिकेत लिहिलेले नाही. लिहायला हवे होते. टेबलक्लॉथला दोन भोके पडली. खोलीत जळक्या राळेचा वास भरून राहिला आहे आणि केंद्रातील मांजर घरापर्यंत माझ्यामागून आली होती, ती उंबऱ्यावरूनच परत गेली.

चिमटा नसल्याने टायची पिन वापरली. उत्तम चालते.

२१ मे, शनिवार

पेटी संगणकाला जोडली. पहिले बटण एकदाच दाबले. पडद्यावर एकचा आकडा पाच वेळा उमटला. पुन्हा दाबले, तर तीन वेळा. पेटी खोटे बोलत होती, आणि तेही दर वेळी वेगळे.

नोल्बेर्तोला बोलावले. त्याचे म्हणणे असे की बटणाच्या आतली पत्री टेकताना थरथरते आणि प्रत्येक थरथर ही संगणकाला वेगळा दाब वाटते. "प्रोग्रॅमला सांगा, जरा दम धर म्हणावं. सेकंदाचा पन्नासावा भाग." इतक्या अल्पावधीत कोणाला पाच वेळा थरथरता येते हे मला पटले नव्हते. पण दम धरायला सांगताच एका दाबाला एकच आकडा येऊ लागला.

मी शंभर वेळा दाबून पाहिले. शंभर आकडे आले. हे इथे लिहिण्याचे कारण नाही, परंतु एकशे एकाव्या वेळी मी ते केवळ आनंदासाठी दाबले.

२५ मे, बुधवार

ध्वनिमुद्रण. दोन्या एर्सिरा, वय एकसष्ट, विणलेला स्वेटर, दोन चष्मे: एक डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर, आणि दिवसभर शोध तिसऱ्याचा. कार्यक्रम वाचवायचा तर हाच मार्ग आहे, हे मी त्यांना समजावून सांगितले.

"कोणाला वाचवताय म्हणालात?"

"कार्यक्रमाला."

"मग ठीक आहे. मला वाटलं मला."

अकरा वाक्ये सुरळीत झाली. बारावे होते: 'देवाघरी गेले.'

"हे मी नाही बोलणार."

"दोन्या एर्सिरा, ते एक वाक्य आहे."

"कोण गेलं?"

"कोणीही नाही. ध्वनिमुद्रण आहे."

"मग सांगू कोणाला? बायकोला सांगायचं वेगळं असतं, आईला सांगायचं वेगळं. आधी तिचं नाव घ्यायचं. मग जरा थांबायचं, तिनं चुलीवरचं भांडं खाली ठेवेपर्यंत."

"किती सेकंद?"

"भांडं खाली ठेवेपर्यंत, बारिया."

भांडे उतरवण्याचा वेळ मी शून्य धरला. शेवटी, बार्जची वेळ सांगता त्याच सुरात सांगा, असे सुचवले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, चष्मा काढला आणि सांगितले. पहिल्याच प्रयत्नात निर्दोष. नंतर त्या बाहेर गेल्या आणि पंधरा मिनिटे जळणाची लाकडे रचत राहिल्या. ते त्यांचे काम नाही.

१ जून, बुधवार

पहिले प्रसारण. अठ्ठावीस मिनिटे. एकोणीस निरोप, शून्य घोड्यांची वर्णने.

एक नियम मात्र करावा लागला. नाव उच्चारून झाले की माइक मी बंद करतो. त्याचा खटका माझ्या बाजूला घेतला आहे. पहिल्याच निरोपानंतर त्या "आणि हो, त्या कोंबड्या..." असे म्हणाल्या, आणि कोंबड्यांचे काय झाले हे दरीला कळू शकले नाही.

सिन्योर ओपित्स फोनवर हसले. मी त्यांना असे हसताना प्रथमच ऐकले. "बारिया, एक जुलैला तुमच्या दारावर केंद्रप्रमुखाची पाटी लावू या." पाटीवरील अक्षरांचा आकार मी सुचवलेला नाही. त्यांनी विचारला, म्हणून सांगितला.

७ जून, मंगळवार

सुधारणा. तीन वाक्यांच्या निरोपाला तीनदा बोट उचलावे लागते. आता प्रोग्रॅम असा बदलला आहे की तीन बटणे एकदम दाबून धरली, तर तिन्ही वाक्ये आपोआप क्रमाने वाजतात. पहिल्या ओळीतील एक, दोन, तीन ही बटणे दाबून पाहिली. बिनचूक. दर निरोपामागे चार सेकंदांची बचत.

नोल्बेर्तोचे ते वाक्य आठवले. प्रत्यक्षाने ते खोटे ठरले आहे.

१३ जून, सोमवार

वरच्या दरीतला रोसामेल चिगुआय गेल्या आठवड्यात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात गेला होता. त्याचा फोनवर निरोप आला: शस्त्रक्रिया नीट झाली, गुरुवारच्या बार्जने येतो, धक्क्यावर घोडे आणा. बटणे पाच, आठ, नऊ. दोन्या एर्सिरांनी "रोसामेल चिगुआयच्या घरी" इतके म्हटले, मी माइक बंद केला, आणि तिन्ही बटणे एकदम दाबली.

तीन वाक्ये वाजली. त्यानंतर चौथे वाजले: 'देवाघरी गेले.'

बारावे बटण मी दाबले नव्हते. हे मी शपथेवर सांगू शकतो. माझी बोटे तीन होती.

"उघडा! माइक उघडा, बारिया!" दोन्या एर्सिरा ओरडल्या. चालू यादीच्या मध्ये दुरुस्ती घेण्याची तरतूद नियमात नव्हती आणि अजून अकरा निरोप बाकी होते. यादी पूर्ण होताच, म्हणजे अवघ्या बावीस मिनिटांत, दुरुस्ती प्रसारित केली. त्या अवधीत बाई माझ्या नावाने जे बोलल्या ते माइक बंद असल्यामुळे कोठेही नोंदले गेले नाही.

निरोप, ओळीने वाचला असता, सुसंगत होता, हेही नमूद करतो. शस्त्रक्रिया नीट झाली, बार्जने येत आहेत, घोडे आणा, देवाघरी गेले. कोणालाही त्यात विसंगती दिसू नये.

१४ जून, मंगळवार

नोल्बेर्तोने पेटी उघडली आणि कागदावर पेन्सिलीने सारणी काढली.

"पाच आणि आठ एका ओळीत. पाच आणि नऊ एका स्तंभात. आठच्या स्तंभात नि नऊच्या ओळीत कोण बसलंय?"

"बारा."

"वीज नऊच्या दारानं शिरली, पाचमधून उलटी फिरली, आठमधून बाहेर पडली. पेटीला वाटलं, बारावंही दाबलंय. भूत आहे हे. डायोड असते तर पाचपाशीच अडली असती."

त्याने मेहुण्याचा उल्लेख केला नाही. याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

सकाळपासून दुरुस्ती नऊ वेळा प्रसारित केली: रोसामेल चिगुआय जिवंत आहे. माझ्या मते प्रकरण संपले होते. मग नोल्बेर्तो हळूच म्हणाला, "ऐकणार कोण पण? घरात माणूस गेलं की रेडिओवर काळं फडकं पडतं. नऊ दिवस. शेजारीसुद्धा लावत नाहीत."

म्हणजे दुरुस्ती दरीतल्या प्रत्येकाला ऐकू गेली असावी. ज्यांना गरज होती ते सोडून.

दोन्या एर्सिरांनी एक घोडेस्वार वर पाठवला आहे. तो नदीकाठच्या वाटेने गेला आहे.

१६ जून, गुरुवार

शोकयात्रा डोंगराच्या वाटेने आली. घोडेस्वाराची आणि तिची भेट झाली नाही.

अकरा वाजता धक्क्यावर चौसष्ट माणसे आणि एकेचाळीस घोडे होते, मी मोजले. बायका काळ्या शालीत. सायप्रसच्या लाकडाची शवपेटी, कोरी, रंधा मारलेली. घरी दोन गाई कापल्या गेल्या होत्या आणि तीन पोती पिठाचे पाव भाजले होते, असे कळले. प्रार्थना म्हणणारी म्हातारी जपमाळेच्या चौथ्या फेरीत होती. गर्दीत बोलून उपयोग झाला असता असे मला वाटले नाही. मी लेखी खुलासा बरोबर नेला होता, परंतु प्रती तीनच होत्या. दोन्या एर्सिरा बोलल्या, धक्क्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाला बोलल्या. लोकांनी त्यांच्या खांद्यावर थोपटले. दुःखाने बाईंचे डोके फिरले, असा समज झाला असावा.

बार्जची फळी खाली आली. आधी एक ट्रक उतरला, मग दोन मेंढ्या, मग रोसामेल चिगुआय. पायांत इस्पितळाच्या निळ्या सपाता, हातात पिशवी. समोर काळ्या शाली पाहून त्याने अदबीने टोपी काढली आणि जवळच्या माणसाला विचारले,

"कोण गेलं रे?"

"तू."

"मी? कधी?"

"सोमवारी."

"सोमवारी तर मी जेली खात होतो!"

एका बाईने किंकाळी फोडली. म्हातारीने जपमाळ न थांबवता वेग वाढवला. रोसामेल गर्दीतून वाट काढत आपल्या धाकट्या भावाच्या घोड्यापाशी पोहोचला आणि थांबला.

"हे खोगीर कोणाचं आहे?"

"तुझं होतं," भाऊ म्हणाला. "म्हणजे, आहे."

"आणि बूट?"

भाऊ खाली बसून बूट काढू लागला.

रोसामेलची बायको ओतिल्या पुढे आली. तिने त्याला दोन्ही हातांनी धरले, मग त्याच हातांनी त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. टाके ओले आहेत असे तो ओरडेपर्यंत. मग ती वळली आणि दोन्या एर्सिरांसमोर उभी राहिली.

"चूक होते गं, एर्सिरा. चुकीचं मला काही नाही. पण तू मला माझा माणूस गेल्याचं बार्जच्या वेळेसारखं सांगितलंस. माझं नावसुद्धा घेतलं नाहीस. तुझी आई गेली तेव्हा नऊ दिवस मी तुझ्या घरी पाव भाजले. आणि तू मला असं सांगितलंस?"

दोन्या एर्सिरांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी माझ्या तीन प्रतींकडे पाहत होतो.

"चुकलं माझं, ओतिल्या," त्या म्हणाल्या.

परतताना मी विचारले की त्यांनी पेटीचा उल्लेख का केला नाही.

"मशीन बोललं म्हणून सांगितलं असतं, तर उद्यापासून रेडिओ ऐकून कोणी खोगीर घातलं असतं का? माझी चूक ते पोटात घालतील. मशीनची कोण घालतं?"

विधान भावनिक आहे. 'चुकलं माझं' हे मात्र चौसष्ट साक्षीदारांसमोर केलेले विधान आहे.

१७ जून, शुक्रवार

सिन्योर ओपित्स यांना अहवाल पाठवला. दीड पान. 'दि. १३ रोजी एका निरोपात एक अधिक वाक्य प्रसारित झाले. आवाज निवेदिकेचा होता, हे निर्विवाद आहे. निवेदिकेने दि. १६ रोजी जाहीररीत्या चूक मान्य केली आहे.' यातील प्रत्येक वाक्य खरे आहे. मी प्रत्येक वाक्य दोनदा तपासले.

दुपारी चार वाजता उत्तर आले. दोन्या एर्सिरांना उद्यापासून तात्पुरते कमी केले आहे. त्यांनी टेबलाच्या खणातून विणकाम, पेपरमिंट आणि तिसरा चष्मा काढून नेला. तिसरा चष्मा खरोखरच होता.

१८ जून, शनिवार

आजचा कार्यक्रम मी एकट्याने चालवला. नावे मी उच्चारली, वाक्ये पेटीने. सात निरोप, नऊ मिनिटे.

बाजारात नंतर एक विचित्र प्रकार कळला. बारा वाजता दोन्या एर्सिरा भाजीवाल्याकडे बटाटे निवडत होत्या आणि दुकानातल्या रेडिओतून त्यांचाच आवाज 'मुलगी झाली' असे सांगत होता. भाजीवाल्याने छातीवर क्रूसाची खूण केली. बाई म्हणाल्या, "वजन नीट कर. ती मी नव्हे." ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सर्वांना माहीत झाली होती.

२२ जून, बुधवार

सोमवारी शून्य निरोप. मंगळवारी शून्य. आज शून्य.

खिडकीशी कोणीही येत नाही. मी तिचे दार तपासले, ते उघडते.

कार्यक्रमाचा कालावधी शून्य मिनिटे आणि चुकाही शून्य. या केंद्राच्या इतिहासात इतके निर्दोष आकडे आलेले नाहीत. तरी ते मी रकान्यात तूर्त पेन्सिलीने लिहिले. बारा वाजता मी सवयीने रेडिओ लावला. आमचेच केंद्र लागले, त्यावर अर्धा तास अकॉर्डियन वाजत होते.

२४ जून, शुक्रवार

संत हुआनच्या सणाची सुट्टी, तरीही मालकांचा फोन.

"शून्य? मग प्रश्नच मिटला. तीस तारखेला बंद. ती वेळ मी सॅल्मनच्या खाद्याच्या जाहिरातींना देतोय. पाटी तयार आहे, बारिया, पितळी!"

मी आभार मानले. केंद्रप्रमुख म्हणून माझ्या अखत्यारीत यापुढे अकॉर्डियन, माशांचे खाद्य आणि मांजर येईल.

निरोप थांबलेले नाहीत, असे समजते. लोक दोन्या एर्सिरांच्या स्वयंपाकघरात जातात, त्या ऐकून घेतात, आणि वर जाणाऱ्या घोडेस्वारांकडून पाठांतर करवून घेतात. एका बाईचा निरोप पोहोचायला चार दिवस लागले. तिच्या लेकीला ताप होता. मुलगी बरी आहे. तरी चार दिवस.

२७ जून, सोमवार

दोन्या एर्सिरांकडे गेलो. चुलीभोवती आठ माणसे, हातोहात फिरणारे माते, म्हणजे इथला पानांचा कडू चहा. मी आत येताच ते पेय फिरायचे थांबले.

"या या, बारिया. कोण गेलं?" त्या म्हणाल्या.

सगळे हसले. हसणे ओसरेपर्यंत मी उभा राहिलो. बसायला कोणी सांगितले नव्हते. मग मी सांगितले की निरोपांअभावी कार्यक्रम तीस तारखेला बंद होणार आहे.

"का हो? शून्य मिनिटं म्हणजे अर्ध्या तासात बसला की!"

"आपण परत यावे, अशी विनंती करायला आलो आहे."

"मालकांनी पाठवलं?"

"नाही. मालकांना माहीत नाही."

"मग कोणी?"

"केंद्राने."

"केंद्र म्हणजे तुम्ही आणि ते मांजर. मांजर मला रोज भेटतं, काही बोललं नाही."

सगळे पुन्हा हसले. बारा वाक्यांपैकी एकही इथे बसत नव्हते. तेहतीस वर्षांत असा प्रसंग आलेला नाही. शेवटी मी जे बोललो ते असे होते: "बारा वाजता फार शांत असतं हो तिकडे."

त्यांनी मातेत गरम पाणी ओतले.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण ओतिल्याला ऐकू जाईल असं सांगायचं, बोट कोणाचं होतं ते. धक्क्यावर मी गप्प बसले ते रेडिओसाठी. आता रेडिओच राहत नसेल तर मी कोणासाठी गप्प बसू? मेल्यावर सांगायला जाऊ तिला?"

"मी लेखी निवेदन तयार करतो."

"करा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लिहिल्याशिवाय करमत नाही."

२८ जून, मंगळवार

निवेदन सकाळी पूर्ण केले. एकशे चाळीस शब्द. 'तांत्रिक स्वरूपाच्या चौथ्या संपर्कामुळे उद्भवलेल्या परिस्थितीबाबत केंद्र खेद व्यक्त करते', अशी सुरुवात. मधे ओळी व स्तंभ यांचे संक्षिप्त विवेचन.

पेटीची वायर काढून ठेवली. खिडकीशी साडेअकरापासून रांग होती; तेवीस चिठ्ठ्या आल्या. एकाने चिठ्ठी माझ्या हातात द्यायला नकार दिला आणि बाईंची वाट पाहिली. त्याला मी खुर्ची दिली.

बारा वाजता दोन्या एर्सिरा बसल्या. त्यांना कमी केल्याचा आदेश माझ्या फाइलमध्ये आहे आणि तो अजून लागू आहे. मी माइकचा खटका उघडला आणि हात मागे घेतला.

निवेदन मी वाचावे असे ठरले होते. मी आधी त्यातील शब्द पुन्हा मोजू लागलो. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, ओठ हलवत पहिला परिच्छेद वाचला, आणि घडी घालून मांडीवर ठेवला.

"ओतिल्या," त्या माइकमध्ये म्हणाल्या, "त्या दिवशी सांगितलं ते मी नव्हते. बारियांनी पेटी केली होती, तिनं सांगितलं. बोट त्यांचं होतं. ते इथं माझ्या बाजूला बसलेत, लाल झालेत, आणि तुझी माफी मागतायत."

मग त्यांनी पहिली चिठ्ठी उचलली आणि एका माणसाला त्याच्या मेंढीबद्दल सांगू लागल्या.

बारा दहाला फोन वाजू लागला. पुएर्तो मोन्तचा नंबर होता. तो चार वेळा वाजला आणि मी चारही वेळा वाजू दिला, कारण कार्यक्रम चालू होता. सिन्योर ओपित्स यांना पाठवायच्या दुसऱ्या अहवालाचा मसुदा दुपारी केला. चूक माझी होती, हे त्यात पहिल्याच वाक्यात आहे. पाटीविषयी काही लिहिलेले नाही.

कार्यक्रम एक तास सहा मिनिटे चालला.

माझे मूळ निवेदन आता पुन्हा तपासले. एकशे चाळीस शब्दांत 'माफी' हा शब्द कोठेही नाही. तो त्यांनी स्वतःहून घातला. दुरुस्ती मागितलेली नाही.